खोलीतली मिनिटभर शांतता

दादा,

रागावू नकोस. तसंही हे पत्र मी पाठवणार नाहीये.

तुमच्या कारखान्याच्या धुरावरच्या माझ्या माहितीपटात बाबा तासभर म्हणत राहिले, "मला काही त्रास नाही." मुलाखतीनंतर आम्ही खोलीतली शांतता मिनिटभर रेकॉर्ड करतो, संकलनात जोड झाकायला लागते म्हणून. तेव्हा गप्प बसायचं असतं, हे मी त्यांना सांगायलाच विसरले. सगळं संपलं असं वाटून ते म्हणाले, "छाती जळते गं. पण दादा तिथंच साहेब आहे, सांभाळून घे."

आता बाबा नाहीत. ते वाक्य मी रोज कापते, रोज परत जोडते. नक्की कुणाला सांभाळू, तेच कळत नाही.

आज हेडफोन लावून ऐकलं, तर त्यांच्यामागे, आतल्या खोलीत, कुणीतरी खोकतंय. त्या दिवशी घरात तूच होतास ना रे?

तुझी धाकटी