कावळ्याचं पान

मस्कत, २५ सप्टेंबर

सौ. चारुतास आशीर्वाद.

मी बरा आहे. फोनवर बोललं की आई ऐकते, म्हणून सुट्टीवर तिकडे येणाऱ्या परेशच्या हाती हे पत्र.

बाबांच्या श्राद्धाला कावळ्यासाठी ठेवलेलं पान आपल्या रियाने खाल्लं आणि आई तुला म्हणाली, "तूच लाडाने खादाड केलीस." तुझ्या लाडाचा काही संबंध नाही.

मी बारावी नापास, पण रियाच्या तपासणीचा रिपोर्ट तीनदा वाचला. पेशीच्या केंद्रकात बारीक आरएनए असतात. त्यांतून प्रथिन बनत नाही, ते बहुतेक दुसऱ्या आरएनएला नीट घडवतात. रियात त्यांचा एक गट नाही. त्या गटाचं नेमकं काम अजून पुरतं कळलेलं नाही, पण तो नसला की पोट भरल्याचं कळत नाही. त्या गटाच्या जनुकांची आईकडून आलेली प्रत सगळ्यांतच बंद असते. बापाकडची चालते, आणि रियात तीच तुटली आहे. म्हणजे माझ्याकडची.

कामोठ्याच्या घरी फ्रीजला कुलूप लावलंस का? रिया रडली तरी किल्ली गळ्यातच ठेव.

यातलं आईला काही सांगू नकोस. या वयात तिला नवं दुःख नको. तुला बोलणी खायची सवय आहे.

वाचून झालं की फाड.

तुझा,
कुमार