सगळ्या मुली हजर

पौड, मंगळवार, १४ जुलै २००९

अजून किळस येते आहे, स्वतःचीसुद्धा. मुलींच्या संगणकवर्गाची हजेरी फक्त मी काम करते त्या केंद्राच्या नेटवर्कवरूनच भरता येते, म्हणून केंद्रप्रमुख सरांनी आज मला भुकूमला त्यांच्या घरी जोडणी करून द्यायला बोलावलं. राउटरवर व्हीपीएनने केंद्राचं नेटवर्क जोडलं की घरचा संगणक केंद्रातलाच धरला जातो. मला वाटलं, घरूनही काम करणारा माणूस. चौथ्या प्रयत्नात राउटरचा हिरवा दिवा लागला तेव्हा केवढा आनंद झाला मला.

मग सरांनी चहा पीत पीत महिनाभर बंद असलेल्या वर्गाची हजेरी भरली. तीसच्या तीस मुली हजर. त्यात माझी धाकटी बहीण सुनीता.

"सर, वर्ग तर बंद आहे ना?"

"घरातली पहिली पदवीधर ना तू? कागद वेगळा, काम वेगळं. शिकशील हळूहळू."

सरांच्या बायकोने पोहे दिले. मी खाल्ले. का खाल्ले?

संध्याकाळी सुनीता भातलावणीवरून चिखलाच्या पायांनी आली. "ताई, आमचा क्लास कवा सुरू व्हनार गं?"

तो हिरवा दिवा डोळ्यांसमोरून हलत नाही. मी म्हटलं, "तू आज हजर होतीस."

ती हसली. तिला वाटलं, मी थट्टा करते आहे.