न खणलेला वाफा

३ मार्च
मी सांगते, पास्टरची बायको लिहिते. चहाडखोर नाही, म्हणून तिला बोलावलं. आजपासून चाळीस दिवस न खणलेल्या वाफ्याला हात लावायचा नाही. ठरलं म्हणजे ठरलं. ले नावाच्या शहरातल्या कॉलेजातून माझी नात, पेसोने नावाची, आमच्या एंगा प्रांताच्या डोंगरात आलीय. मला बुबू म्हणते, म्हणजे आजी. दोन वाफे आखलेत. एकात खणून रताळ्याचे ढीग, दुसरा तसाच सपाट. दोन्हींत डबे पालथे घातलेत. खणलं की माती जास्त श्वास सोडते म्हणे, कार्बन डायऑक्साइड. तो डब्यात मोजायचा. आकडे बिघडले तर पोरीचं वर्ष बुडेल. माझ्यामुळे? छे!

७ मार्च, सकाळ
शेजारीण लाकामे कुंपणावरून म्हणाली, वाफा सपाट दिसला, वाटलं गेलीस. मयताच्या जेवणाचं डुक्कर कधी कापताय ते विचारायला आले. मी हसले. दात दुखेपर्यंत हसले.

१२ मार्च
एकच तण उपटलं. तण उपटणं म्हणजे खणणं नव्हे.

१५ मार्च
तणाचा खड्डा बुजवला. बुजवणं तर खणण्याच्या उलट.

२१ मार्च
चार खड्डे बुजवले. त्यासाठी माती हवी म्हणून पाचवा करावा लागला.

२४ मार्च, धुकं
खणायची काठी हातात कशी आली, देव जाणे. छोटासा ढीग, पोटात गवत घालून, रीतसर. पेसोनेच्या बाजूने दिसत नाही. लाकामेच्या बाजूने दिसतो. अडीच ढीग झाले. अडीच नको, एक लिही.

३० मार्च
पेसोने डबे दोनदा तपासून आली. न खणलेला वाफाच जास्त श्वास सोडतोय म्हणे. मी म्हटलं, आपली डुकरीण घुसली असेल. बिचारीला दोराने बांधून घातलं. ती माझ्याकडे बघते. पेसोनेही.

४ एप्रिल
ढीग मोडावेत तर पुन्हा खणणं आलं. ठेवावेत तर सापडणार. पोरगी आता वाफ्याशीच बसून जेवते. मी घरातल्या घरात फिरते. उद्या सांगेन.

५ एप्रिल
उद्या.

११ एप्रिल, चाळिसावा दिवस
पेसोने ओरडली नाही. एवढंच म्हणाली, बुबू, नखं दाखव.
कॉलेजने आणखी चाळीस दिवस दिलेत. शेवटचे. डुकरीण सोडली. तिचा दोर रिकामा पडला होता, मीच मनगट पुढे केलं. म्हटलं, तू नसलीस की मला खांबाला बांधत जा. वाटलं, हसेल. तिने बांधला.
गाठ ओढून पाहिली. सुटत नाही. मीच शिकवली होती तिला.