गळ्यातला मास्क

सोमवार, संध्याकाळ

आज महेशचा डबा घेऊन लालबागच्या कारखान्यात गेले. चारी बाजूंनी प्लास्टिक बांधून आत गणपतींना स्प्रे मारत होता. माझे तर डोळेच चुरचुरले. मी आणून दिलेला मास्क त्याच्या गळ्यात लटकत होता.

"चष्म्यावर वाफ धरते गं, रंग कुठे पडतो ते दिसत नाही," म्हणाला.

मालकांना म्हटलं, एक पंखा तरी लावा. ते म्हणाले, "वहिनी, ओल्या रंगावर धूळ बसते."

त्यांचंही खरं असेल. मग मी करायचं काय? तो मास्क आणून उपयोग काय झाला?

मघाशी मी नळावर असताना आमटी करपली. वास येऊन शेजारच्या काकू धावत आल्या. महेश शेगडीशेजारीच बसला होता.

"काय झालं, काकू?" त्याने विचारलं.