ह्यांच्या पेनाचा कल

रविवार, १४ ऑक्टोबर

गेलं. ह्यांचं पेन गेलं — आणि मीच ते दिलं! हसत, दोन्ही हातांनी, टोपण काढून.

आज पेन्सिलीनं लिहितेय.

महिन्याचा दुसरा रविवार, मोतोमाचीतलं तेच कॉफीचं दुकान, तीच आमची मंडळी. सगळ्यांची पेनं टेबलावरच्या हिरव्या कापडावर. कुणीही कुणाचंही मागावं, लिहून बघावं. ही रीत ह्यांनीच घातली. तेव्हापासून किती नवखे पाहिले! कुणी निब उलटी धरतो. कुणी शाई येत नाही म्हणून पेन थर्मामीटरसारखं झटकतो. कुणी टोपण मागे खोचतो ते निघतच नाही. आणि काही बिचारे इतके घाबरतात की एक ठिपका देतात, वाकून आभार मानतात आणि परत करतात. आमच्यातले सगळ्यात वडीलधारे मात्सुनागा-सान म्हणतात, पेन कसं मागितलं त्यावरून ओळखतो, हा पुन्हा येणार की नाही.

आज होरिउची-सान पहिल्यांदा आली. तिशीची असेल. नादा भागात मुलांना ब्रशनं अक्षर शिकवते. पाठ अशी ताठ की बघत राहावं. ह्यांच्या पेनाकडे बोट करून विचारलं, लिहू का? मी म्हटलं, लिहा की, ह्यांनी कधी कुणाला नाही म्हटलं नाही.

तिनं पेन धरलं — उभं. ब्रश धरतात तसं, सरळ उभं. मी पाहिलं. बोलायला हवं होतं. पण नव्या माणसाला पहिल्याच दिवशी टोकायचं कसं?

सगळे लिहितात तेच अक्षर तिनं घेतलं, ‘चिरंतन’ अर्थाचं जपानी चित्राक्षर. सगळी वळणं येतात त्यात. पहिले फटकारे काय सुंदर! मग शेवटचा, उजवीकडे खाली उतरणारा. ब्रश असेल तर तिथे दाबून बसवायचा आणि मग उचलायचा. तिनं दाबला.

निबेचे दोन्ही पाय फाकले. कागदावर शाईचा मोठा डाग.

“इथे बसवावा लागतो ना—” एवढं म्हणाली, आणि मग तिलाच कळलं.


सोमवार, १५ ऑक्टोबर

सकाळी पुन्हा प्रयत्न केला. पेन नुसतं कागद ओरबाडतं.

हे गेल्यावर ह्यांचे कोट दिले, चपला दिल्या. आवाज कुठे टेपवर नाही. फोटोतले हे कुणी तिऱ्हाईतच वाटतात. उरलं होतं ते हे पेन. आणि पेनाचा कल. थोडं डावीकडे कलतं धरलं तरच शाई नीट यायची. हे तसंच धरायचे. इतकी वर्षं लिहून लिहून निबेचं टोक त्या बाजूनं झिजलेलं. हे गेल्यापासून पाच वर्षं मी ही रोजनिशी त्याच पेनानं लिहिली. हात आपोआप तिकडे कलायचा — जणू मागून कुणी मनगट धरलंय.

शाळेत सिस्टर अगाथा आमची बोटं धरून लिहायला शिकवायच्या. त्यांच्या हाताला साबणाचा वास यायचा. पेन कागदावरून चालवायचं, रुतवायचं नाही, म्हणायच्या. कुठल्या कुठे गेल्या त्याही. आता कोण माझं मनगट धरणार आहे?


बुधवार, १७ ऑक्टोबर

होरिउची-सान दारात. हातात रेशमी कापडात बांधलेला मिठाईचा डबा. आत ये म्हटलं तरी आली नाही. तिथेच कमरेत वाकून उभी राहिली, किती वेळ. मला तिचा नुसता भांग दिसत होता.

मी म्हटलं, जाऊ द्या, तुम्ही ब्रश समजलात.

“हाताला ब्रश वाटला. डोक्याला कळेपर्यंत उशीर झाला.”

जाताना विचारलं, पुन्हा आले तर चालेल का? मी नुसती हसले. अशा हसण्यापेक्षा थोबाडीत दिलेली बरी.

डबा ह्यांच्या फोटोसमोर ठेवला. त्याची गाठ सोडवत नाही.


शुक्रवार, १९ ऑक्टोबर

मात्सुनागा-सानचा फोन. मला हसवायला बघत होते. “वहिनी, आता नियमच करू. नवखा आला की बॉलपेन द्यायचं, कॉफी पाजायची आणि वाटेला लावायचा.” हसू आलं नाही. मी म्हटलं, माझ्यापुरता तो रविवार संपला. मी येणार नाही आणि ह्यांचं पेनही येणार नाही.

मग म्हणाले, नारुसेनं काय केलं असतं?

ह्यांचं नाव ऐकताच मी फोन ठेवला. ऐंशी पार केलेल्या माणसाचा फोन ठेवला!


रविवार, २१ ऑक्टोबर

काही नाही.


गुरुवार, २५ ऑक्टोबर

शेवटी इगुचींकडे नेलं. सान्नोमियाच्या त्या अरुंद जिन्यावरून चढताना गुडघे बोलले. ह्यांची सगळी पेनं तेच दुरुस्त करायचे. आता केस पांढरे झालेत.

निब डोळ्याच्या भिंगाखाली धरून बराच वेळ बघत राहिले. म्हणाले, पाय सरळ होतील, पण मग टोक घासून सारखं करावं लागेल. कल राहणार नाही. न घासता दिली तर पेन लिहिणार नाही.

म्हणजे एक तर मुकं पेन, नाहीतर परकं.

मी म्हटलं, घासू नका.

“वहिनी, ह्यातलं नक्की काय जपायचंय तुम्हाला?”

त्यांचा हात, म्हटलं. टोकावर त्यांचा हात आहे.

इगुचींनी भिंग काढलं. पेन चार दिवस राहू द्या, एवढंच म्हणाले. जिना उतरताना रडले. माणूस दोनदा जातो हे कुणी सांगितलं नव्हतं मला.


सोमवार, २९ ऑक्टोबर

इगुचींचा फोन. आधी माफी मागितली — ह्यांना दिलेला शब्द मोडतोय म्हणून.

ह्यांच्या शेवटच्या वसंतात एका नवख्यानं हे पेन असंच फाकवलं होतं. ह्यांनी अख्खी निब बदलून घेतली. घरी सांगू नका म्हणाले, कळलं तर ती मला पुन्हा पेन कुणाला देऊ द्यायची नाही. आणि पुढच्या रविवारी तेच पेन पुन्हा टेबलावर! मग उन्हाळ्यात हे अंथरुणाला खिळले.

“त्यांच्या हातानं ती निब झिजलीच नव्हती, वहिनी. हा कल तुम्ही घातलाय.”

घासा, म्हटलं. अकरा तारखेच्या रविवारच्या आत हवंय. होरिउची-सानना द्यायचंय लिहायला.