मलिद्याच्या ताटासमोर रडायचं नाही

शालोम आई,

लिहायला बसतो आणि उठतो, असं महिनाभर चाललंय. फोनवर बोललो की जेरुशामावशी पलीकडच्या खोलीतून सगळं ऐकते, म्हणून शेवटी कागद घेतला.

तुझ्या बहिणीची केमो चालू आहे, थोडं जेवते. काळजी करू नकोस. इथे खांदा कॉलनीत मोरा बंदरातले पापलेट दारावर येतात. तुझ्या तिकडे अश्दोदला असे मिळतात का गं? असो, मुद्दा तो नाही.

मुद्दा इलानामामी. मावशी बरी व्हावी म्हणून तिने मलिद्याचा नवस केला. पोहे-खोबऱ्याचं ताट मांडलं आणि मावशीचे डोळे भरले, तर सगळ्यांदेखत म्हणते, "रडू नकोस! मनात कुढत राहिलीस म्हणून गाठ झाली. आता तरी हसत राहा." माझं डोकंच फिरलं. कॅन्सर काय कुढण्याने होतो?

तेव्हापासून मावशी सारखी हसायची. इतकी, की ताप आला तोही लपवला. मी कपाळाला हात लावला आणि तशीच रिक्षात घातली. ताप का लपवला ते मावशीने सांगितलं, तसे डॉक्टर ओरडले, "रडल्याने गाठ वाढत नाही हो. केमोत ताप लपवला तर जीव जातो. होतंय ते घरात सांगत जा."

ताप उतरलाय. पण मामीला मी आता उंबरा ओलांडू देणार नाही. तू नीट झोपतेस ना?

थांब, बेल वाजली.

आई, मामीच आलीय! मला बाजूला सारून आत गेली, मावशीचा हात धरून म्हणाली, "जेरू, तू जाशील म्हणून मीच घाबरले होते गं." दोघी हमसून रडतायत. मी चहा टाकतो.

तुझा,
नोम