चाळीस नकाशे

छुनछन, ३१ ऑगस्ट १९९७

ती. इनसुकताईस,
बोमसूचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. पहिली दोन पानं मी कॉलेज सोडल्याबद्दलची होती, ती एकदाच वाचली. तिसरं पान भाचीला दात आल्याचं, ते चार वेळा वाचलं. प्राध्यापकांनी भर वर्गात मला बिनकामाचा म्हटलं आणि मी त्यांना चार शब्द सुनावून, दप्तर उचलून बाहेर पडलो, एवढीच ती गोष्ट आहे. तुझ्या घरचा फोन सासूबाईंच्या उशाशी असतो हे एक बरं, नाहीतर हे सगळं मला कानाने ऐकावं लागलं असतं. सायकलच्या दुकानात माझं बरं चाललंय. हात काळे होतात, पण कोणी बिनकामाचा म्हणत नाही.

आता खरी बातमी. आमच्या मंडळाने ऑक्टोबरच्या अकरा-बारा तारखेला सोयांग तलावाभोवती डोंगरी सायकलींची फेरी ठरवली आहे आणि आखणी माझ्याकडे दिली आहे. डांबरी रस्ता नाही, जंगलखात्याच्या कच्च्या वाटा. तीन खिंडी, दोन दिवस. हा तलाव किती छळतो ते तुला ठाऊक आहे. समोरचं गाव हाक मारण्याच्या अंतरावर दिसतं आणि मध्ये पाण्याचा फाटा आडवा येतो, वळसा घालायला दोन तास. मी एकेक फाटा सायकलने मोजला. कुठे ओढा वाटेवर येतो, कुठे दगड सुटे आहेत, कुठे पिण्याचं पाणी, सगळं वहीत आहे.

पण बैठकीत सोकजे म्हणाला की ही तर आजीबाईंची सहल झाली. त्याची सायकल परदेशी आहे ना, जीभही तशीच झाली आहे. आणि मिरान हसली. मिरान म्हणजे तीच, बालवाडीत शिकवणारी, जिच्याबद्दल मी लिहिणार नाही असं गेल्या तीन पत्रांत लिहिलं आहे. मग मी उठलो आणि नकाशात असा एक टप्पा घातला की सोकजेचं तोंड मिटलं. कुठून आणला ते विचारू नकोस.

छुसोकच्या सणाला मोठ्या बाबांकडे इन्जेला जाईन. बाबा गेल्यापासून सणाला आपल्याला दुसरं दार आहे कुठे.

जास्त काय लिहू. रागावलीस तरी लोभ कमी करू नकोस.

तुझा,
बोमसू

---

बुसान, २४ सप्टेंबर १९९७

चि. बोमसूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

या वेळी तुझी थट्टा करायला मन होत नाही. काल मोठ्या आईंचं पत्र आलं. आपल्या मोठ्या बाबांची सोंगी अळंबीची जागा कोणीतरी उकरून नेली.

तुला वेगळं सांगायला नको. धरण झालं तेव्हा शेत पाण्याखाली गेलं, घर गेलं. वरच्या डोंगरातली, पाइनच्या मुळाशी सोन्याच्या भावाची ही अळंबी उगवणारी ती चटईएवढी जागा तेवढी उरली. आजोबांनी मरताना ती मोठ्या बाबांना दाखवली. मोठ्या आई पस्तीस वर्षं त्या घरच्या सून आहेत, पण डोंगराच्या कोणत्या अंगाला ती जागा आहे हे त्यांनाही माहीत नाही. चोरांनी नुसती सोंगी नेली नाहीत, लोखंडी दाताळ्यांनी मातीच उलथी केली. आता पुढची कित्येक वर्षं तिथे काही यायचं नाही, असं मोठे बाबा म्हणतात.

पण मोठ्या आई त्यासाठी रडत नाहीत. त्या हाम काकांसाठी रडताहेत. मोठ्या बाबांचा पाय मोडला त्या वर्षी हाम काकांनी त्यांना त्याच जागेवरून पाठीवर घेऊन खाली आणलं होतं, म्हणून त्यांना ती जागा माहीत. गेल्या आठवड्यात मोठे बाबा त्यांच्या अंगणात गेले. मिरच्या वाळत घालायला शेजारच्या बायका जमल्या होत्या, त्या सगळ्यांसमोर बोलले. मोठ्या आईंनी शब्द जसेच्या तसे लिहिले आहेत: "जागा दोघांनाच ठाऊक. एक माझा पुतण्या, त्याच्यासाठी मी आगीत हात घालीन. मग उरला कोण?"

हाम काका काहीच बोलले नाहीत म्हणे. मिरच्या पसरत राहिले. म्हणून मोठ्या बाबांची खात्रीच झाली. दुसऱ्या दिवशी हाम काकूंनी आपल्या घरून नेलेली लोणच्याची बरणी धुऊन परत पाठवली. आता हाम काका घर बंद करून मुलाकडे सोकछोला जायचं म्हणतात. चाळीस वर्षांचा शेजार आहे, बोमसू. दोघं एकाच होडीतून बुडत्या गावातलं सामान काढणारे.

तू डोंगरात फिरतोस. कोणी अनोळखी माणसं दिसली होती का, आठवून बघ. हाम काकांवरचा डाग निघाला तर बरं.

जेवत जा. मिरानच्या नावानेही जेव, पण जेव.

तुझी,
ताई

---

छुनछन, २८ सप्टेंबर १९९७

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र हातात घेऊन मी दुकानाच्या मागे टायरांच्या ढिगावर बसून होतो. मालकाने दोनदा हाक मारली. तिसऱ्या हाकेला उठलो.

मी केलं ते. अळंबी मी नेली नाहीत, पण रस्ता मी दाखवला. सोकजेचं तोंड बंद करणारा तो टप्पा म्हणजे मोठ्या बाबांची वाट. डोंगरात तेवढी अरुंद, तेवढी गुळगुळीत वाट दुसरी नाही. सायकलवाल्याला वेड लावील अशी. ती गुळगुळीत का झाली याचा विचार मी केला नाही. चाळीस वर्षं एकाच माणसाचे पाय तिच्यावरून गेले म्हणून ती तशी झाली.

मागच्या शरदात त्यांनी मला वर नेलं होतं. त्यांना मूलबाळ नाही म्हणून मला. वर पोचल्यावर म्हणाले होते, उद्या लग्न झालं तर बायकोलाही सांगायचं नाही. मी मान डोलावली. आणि दहा महिन्यांत, जी बायको सोडाच, नीट ओळखीचीही नाही, अशा मुलीच्या एका हसण्यासाठी फळ्यावर खडूने ती वाट काढून दिली. ऑगस्टमध्ये सायकलने जाऊन तिची लांबी मोजली तीही मीच.

मनाची समजूत अशी घातली होती की मी वाट सांगतोय, जागा नाही. ताई, तेही खोटं. पाइनच्या त्या उंचवट्यावरून तलाव सगळा दिसतो. मिरानने तिथे थांबून तो पाहावा असं मला वाटलं. म्हणून नकाशात नेमक्या त्या जागी मी गोल काढला आणि लिहिलं: इथे विश्रांती. त्या नकाशाच्या चाळीस प्रती काढल्या. कोणाच्या घरी कोणी बघितला, कोणाचा मेहुणा डोंगर जाणणारा निघाला, आता काय सांगू.

आणखी एक सांगतो, तू वाचून फाडून टाक. छुसोकला मोठ्या बाबांनी वर्षाचं पहिलं सोंगी हाताने फाडून, भाजून माझ्या भातावर ठेवलं. स्वतःच्या नाही, माझ्या. मी ते खाल्लं. तेव्हा चाळीस नकाशे वाटून झाले होते.

काल सोकजेला दुकानासमोर धरलं. कॉलर फाटली. मग कळलं की त्याला सोंगी आणि साधी अळंबी यातला फरकही कळत नाही. त्याची माफी मागावी लागली, तीही मिरानसमोर.

एक विनंती आहे. तू मोठ्या बाबांना पत्र लिही. तुझं ते ऐकतात. सगळं लिही, माझ्या नावासकट. मी समोर गेलो तर माझ्याकडून शब्द फुटणार नाही.

तुझा म्हणवून घ्यायला तोंड नसलेला,
बोमसू

---

बुसान, १ ऑक्टोबर १९९७

चि. बोमसूस,
आशीर्वाद आहेतच.

मी लिहिणार नाही.

प्राध्यापकांशी भांडायला तुला शब्द फुटले, फळ्यासमोर फुटले, सोकजेच्या कॉलरशी फुटले. हाम काका सामान बांधताहेत. माझं पत्र पोचायला चार दिवस लागतील, तुला सायकलने एक दिवस पुरतो.

रडून झालं असेल तर नीघ. पोचल्यावर चार ओळी टाक, मी वाट बघते आहे.

ताई

---

छुनछन, ७ ऑक्टोबर १९९७

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

रविवारी जाऊन आलो.

त्याआधी दोन दिवस घरोघर फिरून नकाशे परत मागितले. चौतीस मिळाले. मंडळाला सगळं सांगितलं आणि नवा मार्ग आखून दिला, खालच्या जंगलखात्याच्या रस्त्याने, एक फाटा जास्त. कोणी कुरकुरलं नाही, हेच जास्त लागलं. मिरानने तिचा नकाशा स्वतः आणून दिला. मी न विचारता म्हणाली की ती रस्त्यानेही आलीच असती. मग म्हणाली, तुमच्या काकांना काय वाटलं असेल. तिला सांगायचं होतं त्यातलं बरंच काही त्या क्षणी राहून गेलं, आणि ते राहिलं ते बरंच झालं.

मोठे बाबा अंगणात मुळ्याला माती लावत होते. मी सायकल फाटकाबाहेर टाकली, गुडघे टेकले आणि एका दमात सगळं सांगितलं. फळा, खडू, विश्रांतीचा गोल, भातावरचं सोंगी. ते ऐकत होते की नाही कळेना. खुरपं चालूच होतं. मग ते थांबलं. मला वाटलं मारतील. मारलं असतं तर किती बरं झालं असतं. ते उठले, हात धुतले, घरात जाऊन लग्नाकार्याला घालायचा कोट चढवून आले आणि म्हणाले, चल.

हाम काकांच्या अंगणात गाठोडी बांधलेली होती. मोठे बाबा त्यांच्यासमोर जमिनीला कपाळ लावून वाकले, ताई. त्यांना कोणासमोर असं वाकताना मी कधी पाहिलं नव्हतं, कबरीसमोर सोडून. मी मागे उभा होतो, मग मीही पडलो. मोठे बाबा म्हणाले की पुतण्याचा दोष आहे, पण तुझ्यावर आळ घेतला ते तोंड माझं आहे.

हाम काका बराच वेळ दोरीची गाठ सोडवत बसले. मग म्हणाले की मला माहीत होतं. चोरी झाली त्या सकाळी ते सरपणासाठी मोठ्या बाबांच्या आधी वर गेले होते. दाताळ्यांच्या खुणांशेजारी त्यांना जुन्या, पावसानंतर वाळलेल्या चिखलात सायकलच्या चाकाच्या खुणा दिसल्या, जाड खाचांच्या. गावात तसली चाकं कोणाकडे नाहीत. मोठे बाबा वर यायच्या आत त्यांनी त्या पायाने पुसून टाकल्या.

मोठ्या बाबांनी विचारलं, मग त्या दिवशी सगळ्यांसमोर बोलला का नाहीस. हाम काका म्हणाले, "तू आगीत हात घालतो म्हणालास. आता तुझा हात भाजताना मी बघत बसू? शेजारी भांडतात, पुन्हा बोलतात. पुतण्या तुला एकच आहे."

हाम काकूंनी गाठोडी सोडायला घेतली. मी मदतीला हात लावला तर त्यांनी हळूच माझ्या हातातून गाठोडं काढून घेतलं.

मोठे बाबा परत येताना माझ्या पुढे चालले. रात्री राहा म्हणाले नाहीत. मीही थांबलो नाही.

बारा तारखेला मी फेरीत नाही. सहा नकाशे अजून बाहेर आहेत. त्या वाटेच्या तोंडाशी उभा राहीन, सकाळपासून, शेवटची सायकल खालच्या रस्त्याने जाईपर्यंत.

भाचीला माझं नाव शिकवायची घाई करू नकोस.

तुझा,
बोमसू

---

इन्जे, १५ ऑक्टोबर १९९७

बोमसूस,
आशीर्वाद.

तुझ्या मोठ्या आई म्हणतात पत्र लिहा, म्हणून लिहितो. मला पत्राची सवय नाही.

रविवारी तू वाटेच्या तोंडाशी उभा होतास ते मी वरच्या बांधावरून पाहिलं. दोन सायकलवाले कागद दाखवून वर जायला निघाले, त्यांना तू कसं परत फिरवलंस तेही पाहिलं. भांडला नाहीस. दुपारी भात पाठवावा असं मनात आलं, पण पाठवला नाही. तुला जो डबा आला तो हामने पाठवला होता. त्याचे आभार मानले नसतील तर मान.

हाम जात नाही. लोणच्याची बरणी परत भरून नेली. बायका अजून आमच्याकडे बघून कुजबुजतात, ते चालायचंच. माझ्या तोंडाचं आहे, मी निस्तरीन.

सायकलींच्या मागून एक मुलगी हामच्या दारात पाणी प्यायला थांबली. बोमसूच्या काकांचं घर कोणतं, असं विचारत होती, काहीतरी सांगायचं होतं म्हणे. हामने सांगितलं नाही. म्हणाला, आधी पोराला विचार, तो म्हणाला तर सांगीन. मुलगी हसली नाही, एवढंच त्याने मला सांगितलं. पुढचं तुमचं तुम्ही बघा.

कॉलेजचं मी बोलणार नाही. ताई बोलतेच.

नोव्हेंबरात कोबी काढायचा आहे, किमचीसाठी. दोघांचे मिळून तीनशे गड्डे निघतील आणि हामचा खांदा दुखतो. तू ये. बसने ये, थांब्यापासून चालत. जेवायला वाढू, झोपायला तुझी खोली आहे तशीच आहे.

डोंगरात मात्र तुला मी पुन्हा नेणार नाही. तिथे काही उगवलं की नाही, हे तू मला विचारू नकोस, आणि मी सांगणार नाही. एवढं सोडून बाकी सगळं पूर्वीसारखं.

थंडी पडू लागली आहे. गळ्याला गुंडाळून ये.

तुझे,
मोठे बाबा